४२ हजार गठ्ठे झालेला मिनी राऊंड बेलर: अजून किती चालेल, घेताना काय बघायचं?

काळंरान (हिंगोली)

भाड्याने गठ्ठे बांधायला जुना मिनी राऊंड बेलर (शेतातलं काड उचलून गोल गठ्ठे बांधणारं, ट्रॅक्टरमागचं मशीन) बघितलाय. सौदा अजून झालेला नाही. मशीन असं आहे:

आत सगळे लोखंडी रोलर, पट्टा नाही. गठ्ठा ६० सेंमी व्यासाचा, लांबीला मीटरभर. बांधणी सुतळीची. काउंटरवर ४२ हजारांच्या थोडं वर. तीन हंगाम चाललंय, पहिले दोन सोयाबीन आणि गहू, शेवटचा बराचसा उसाच्या पाचटात. मालक १ लाख ६० हजार म्हणतोय. असंच नवं मशीन चार लाखांच्या आसपास जातं.

माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, डबल क्लच. वर्षाला २५ ते ३० हजार गठ्ठे काढायचा अंदाज आहे. दसऱ्यापासून सोयाबीनची गुळी (विदर्भवाले कुटार म्हणतील), मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचं काड, मधल्या महिन्यांत मिळालं तर पाचट.

विचारायचं एवढंच: असं मशीन एकूण किती गठ्ठ्यांपर्यंत जातं? ४२ हजार म्हणजे म्हातारं झालं का? आणि बघायला जाताना सोबत काय न्यायचं, काय मोजायचं? सुरू केल्यावर डाव्या बाजूने कट-कट असा आवाज येतो. मालक म्हणतो, "ते सगळ्याच मशीनला येतं."

---

पीटीओ_५४० (अकोला)

कट-कट सगळ्याच मशीनला येत नाही. पण ते नंतर, आधी हिशेब.

बेलरचं वय गठ्ठ्यांत सांगायची पद्धत आहे, पण खरी झीज तासांत होते. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं एक जुनं मानक आहे, डी ४९७. त्यात मोठ्या राऊंड बेलरचं आयुष्य १,५०० तास धरलंय आणि तेवढ्या तासांत दुरुस्तीवर नव्या किमतीच्या ९० टक्के खर्च होतो असं दिलंय. चौकोनी छोट्या बेलरला २,००० तास आणि ८० टक्के. म्हणजे राऊंड बेलर हे मुळातच खर्चिक जनावर आहे. ते आकडे चार-पाच फुटी गठ्ठ्यांच्या मशीनचे आहेत, आपल्या मिनीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण खर्च कसा चढत जातो तो आकार तोच राहतो, आणि तुमच्या कामाचा तोच आहे.

त्यातलं सूत्र असं: हजार तासांत मोजलेल्या वयाचा १.८ वा घात, गुणिले ०.४३. उत्तर येतं ते नव्या किमतीचा कितवा भाग दुरुस्तीत गेला ते. ५०० तासांना सुमारे १२ टक्के, १,००० तासांना ४३, १,५०० ला ८९, आणि २,००० तासांना दीडशे टक्के. पहिल्या ५०० तासांत मशीन जवळपास फुकट चालतं, पुढचे प्रत्येक ५०० तास आधीच्यापेक्षा महाग पडतात. विकणारे नेमके या वळणावर विकतात.

आता तुमचं मशीन. वळणं, सुतळी बदलणं, अडकलेला माल काढणं धरून ताशी ५५ गठ्ठे पकडा. ४२ हजार म्हणजे साधारण ७६० तास. सूत्राने आतापर्यंत २६ टक्के, म्हणजे चार लाखांवर लाखभर रुपयांची दुरुस्ती व्हायला हवी होती. आपल्याकडे मजुरी स्वस्त, सुट्या भागांना गावातला पर्याय मिळतो, म्हणून निम्मी धरा, पन्नास हजार. मालकाला विचारा, साखळ्या कधी बदलल्या, बेअरिंग किती बदलली, बिलं दाखव. तो छातीठोकपणे म्हणाला की "एक रुपया खर्च नाही आला", तर आनंद मानू नका. तो खर्च तुमच्यासाठी ठेवलाय.

पुढचे ३० हजार गठ्ठे म्हणजे आणखी साडेपाचशे तास, एकूण १,३०० च्या पुढे. सूत्र तिथे ७० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे एका वर्षात ४४ टक्क्यांची वाढ, चार लाखांवर पावणेदोन लाख. याचंही निम्मं धरलं तरी गठ्ठ्यामागे तीन रुपये दुरुस्तीचे बाजूला काढावे लागतील. सुतळी, डिझेल, ड्रायव्हर वेगळे. भाड्याचा दर ठरवताना हे तीन रुपये धरले नाहीत तर हंगाम संपल्यावर "कमावलं तर खूप, गेलं कुठं?" असं होतं.

एकूण आकडा हवाच असेल तर: कोरड्या काडात, नीट ग्रीस-तेल मिळालेलं मिनी मशीन ७५ ते ९० हजार गठ्ठे ओढतं, मध्ये एकदा साखळ्या-बेअरिंगचं मोठं काम धरून. त्यानंतरही चालतं, पण मग दर आठवड्याला काहीतरी निघतं. भाड्याच्या धंद्यात ते परवडत नाही. घरच्या दहा एकराला परवडतं.

काउंटरवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. बऱ्याच मशीनला तो मागच्या दाराच्या उघड-मिटीवर चालतो. तार निसटली की हंगामभर तिथेच थांबतो.

---

लेथवाला (सांगली)

वरचा हिशेब बरोबर. पण मशीन समोर उभं असताना सूत्र कामाला येत नाही, पाना आणि व्हर्नियर (मिमीचा दशांशही मोजणारं माप) येतं. सोबत न्या: व्हर्नियर, स्टीलची फूटपट्टी किंवा टेप, छोटी पहार, चिंध्या, टॉर्च, आणि मिळाली तर तापमान बघायची बंदूक. मशीन थंड असतानाच पोचा. आधीच चालवून गरम करून ठेवलं असेल तर अर्धे आवाज लपतात.

ट्रॅक्टर बंद, चावी तुमच्या खिशात. मागचं दार उघडून बघायचं असेल तर दाराच्या सिलिंडरचा लॉक लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही.

पहिलं काम, दोन्ही बाजूंची झाकणं काढायला लावा. काढायला कुरकुर केली तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

साखळी. मुख्य साखळी बहुतेक १६बी असेल, म्हणजे पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) २५.४ मिमी. ताणलेल्या बाजूला १२ कड्या मोजा, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. नवी ३०४.८ मिमी भरते. ३११ च्या आसपास भरली की दोन टक्के लांबली, बदलायची तयारी करा. ३१४ म्हणजे तीन टक्के, ती साखळी आता स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) खातेय. पिकअपची (जमिनीवरून माल उचलणाऱ्या दातांच्या भागाची) साखळी लहान असते. १२बी असेल तर १० कड्या १९०.५ मिमी, आणि १९४ च्या पुढे गेली की तीही गेली. साखळी "सैल झालीय, एक कडी काढली" असं ऐकलंत तर समजा की मोजमाप न करताच ती संपलीय. कडी काढून लांबी कमी होते, पिच कमी होत नाही. लांबलेल्या पिचची साखळी दातांच्या डोक्यावर चढते आणि सुटते. तुमचं कट-कट बहुतेक हेच. सुरुवातीला, आत माल नसतानाही येत असेल तर साखळी-स्प्रॉकेट. गठ्ठा भरत आल्यावर येत असेल तर गिअरबॉक्स किंवा स्लिप क्लच (जास्त ताण आला की घसरणारा क्लच) बघा.

स्प्रॉकेट. दाताच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. एका बाजूला खोबण पडून दात मांजराच्या नखासारखा वळला असेल तर साखळीसोबत तोही बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी घातली तर ती महिन्या-दोन महिन्यांत जुनी होते.

बेअरिंग. इथे घाई करू नका. प्रत्येक रोलरची दोन टोकं, बहुतेक ठिकाणी यूसी २०६ किंवा २०७. पहार रोलरखाली घालून हलकेच उचला. रोलर वर-खाली हलला आणि टक असा आवाज आला तर बेअरिंग सैल. पण त्याहून महत्त्वाचं, बेअरिंगच्या आतल्या कड्याला टॉर्च लावून बघा. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे तपकिरी-लाल, हळदी-कुंकवासारखी बारीक पूड दिसते का? ती पूड म्हणजे बेअरिंग फिरत नाहीये, शाफ्ट बेअरिंगच्या आत फिरतोय. ग्रब स्क्रू (बेअरिंगचं कडं शाफ्टवर धरणारा छोटा स्क्रू) सैल होऊन किंवा बेअरिंग जाम होऊन हे होतं, आणि तसंच चालवलं की शाफ्ट बारीक होत जातो. चिंधीने पुसा, नख फिरवा. नख अडकलं की व्हर्नियर लावा. ३० मिमीचा शाफ्ट २९.९ च्या वर असेल तर ठीक. २९.८ च्या खाली नवं बेअरिंग टिकणार नाही. बेअरिंग स्वस्त असतं, शाफ्टचं काम महाग. मशीन म्हातारं झालं की नाही हे या शाफ्टांवर ठरतं, काउंटरवर नाही.

रोलर. रोलरवरच्या उभ्या पट्ट्या घासून सपाट झाल्यात का बघा. त्याच गठ्ठ्याला फिरवतात. सपाट झाल्या की कोरडं सोयाबीन आत नुसतं घसरतं, गठ्ठा धरत नाही, आणि ड्रायव्हर माल कोंबत राहतो. रोलरच्या टोकाची चकती आणि नळी यांच्या जोडावर तडे, किंवा आधीच वेल्डिंग मारलेलं दिसलं तर किती रोलरांना आहे ते मोजा. एकाला असेल तर अपघात. चार-पाचांना असेल तर ते मशीन जास्त दाबावर चालवलेलं आहे.

पिकअप. तुटलेले दात मोजा. दात स्वस्त आहेत, पण शेजारचे तीन-चार एकाच जागी नसतील तर दगडावर किंवा बांधावर आपटलंय. पिकअप हाताने फिरवा. एका ठरावीक जागी अडकून पुढे उडी मारत असेल तर कॅमचा ट्रॅक झिजलाय किंवा त्याचा रोलर फुटलाय.

गिअरबॉक्स. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा फिरता दांडा) काढा, इनपुट हाताने पुढे-मागे फिरवा. थोडी ढील असतेच. पाव फेरा मोकळा फिरला तर आतले दात संपलेत. तेलाचा बोल्ट सोडून बोट बुडवा. काळं तेल चालेल, बोटाला चांदीची चमक लागली तर चालणार नाही.

मग सुरू करा, पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर वीस मिनिटं रिकामं, आणि शक्य असेल तर वीस-पंचवीस गठ्ठे. थांबवून, चावी काढून, प्रत्येक बेअरिंगवर बंदूक मारा. सगळी सारखी गरम असतील तर हरकत नाही. एखादं शेजाऱ्यापेक्षा २०-२५ अंशांनी वर असेल तर ते या हंगामात जाणार. ८० च्या वर असेल तर ते गेलंच आहे.

---

पाचटपट्टा (कोल्हापूर)

शेवटचा हंगाम पाचटात गेलाय हे मालकाने सांगितलं हेच नशीब. बहुतेक जण सांगत नाहीत.

पाचटाचे गठ्ठे दुप्पट धरा. कारण असं की उसाच्या पानात सिलिका असते, हात फिरवला तरी कापतं. त्यात पाचट जमिनीला चिकटून पडलेलं, म्हणून माती सोबत येते. ही माती-सिलिकाची पूड साखळीच्या पिनेत शिरते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. सोयाबीनमध्ये ४० हजार गठ्ठे चाललेली साखळी पाचटात २० हजारांत लांबते. तुमच्या मशीनचे समजा १५ हजार पाचटाचे असतील, तर काउंटर ४२ नाही, ५७ हजार समजून भाव करा.

दुसरं, बुडखे. ऊस जमिनीला घासून तोडला नसेल तर चार-सहा इंचांचे खुंट उभे असतात, पिकअपचे दात त्यांच्यावर वाकतात. तिसरं, हिरवे वाढे (उसाचे शेंडे). ओलसर वाढं रोलरच्या टोकाला दोरीसारखं गुंडाळत जातं, बेअरिंगचं सील बाहेर ढकलतं, आत धूळ शिरते. बेअरिंग गेल्यावर सगळे कंपनीला शिव्या देतात. गुंता आठ दिवस तिथेच असतो.

पाचटात करायचंच असेल तर:

तोडणीनंतर निदान चार-पाच दिवस वाळू द्या, मग रेकने (पाचट ओढून गोळा करणाऱ्या अवजाराने) ओळी करा. रेक जमिनीला टेकवून चालवला तर माती उपसून ओळीत टाकतो, तो किंचित वर ठेवा. ओळ पिकअपएवढी रुंद असावी; बारीक ओळ असेल तर ट्रॅक्टर डावी-उजवी धरत चला, नाहीतर गठ्ठा मध्ये फुगीर, टोकाला पोकळ होतो आणि सगळा दाब मधल्या भागावर येतो.

पिकअपचे दात जमिनीपासून दोन-तीन बोटं वर. "सगळं पाचट उचललं पाहिजे" असा शेतकऱ्याचा आग्रह असतो, त्याला सरळ सांगा की थोडं मागे राहील. ते थोडं राहिलेलं तुमच्या मशीनचं आयुष्य आहे, आणि त्याच्या जमिनीलाही बरंच.

शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मशीन वाचवायला स्वतः तुटणारा) कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचाच. ८.८ चा सांगितला असेल तर ८.८. सारखा तुटतो म्हणून १०.९ चा घालणारे बघतो. मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्सचा दात तुटतो. बोल्ट सारखा तुटत असेल तर चूक बोल्टची नसते. ओळ जाड आहे, गिअर वरचा आहे, किंवा आतला एखादा रोलर जड फिरतोय.

---

तणीस (भंडारा)

धानाच्या तणसाबद्दल दोन गोष्टी, कारण भाऊ उद्या इकडेही मशीन पाठवतील.

तणीस ओलं बांधू नका. मूठभर घेऊन पिळलं तर काडी तुटली पाहिजे, वाकून राहिली तर अजून ओली. ओल्या तणसाचा गठ्ठा जड भरतो, रोलरवर ताण येतो, शिवाय आत तापून बुरशी धरते आणि गोशाळेवाला परत पाठवतो. सकाळच्या दवात सुरू करायची घाई नको, धान कापल्यावर डिसेंबरात दहा-साडेदहापर्यंत थांबावं लागतं. सोयाबीनचं उलटं आहे. भर दुपारी ते इतकं कडक होतं की चुरा होऊन खाली सांडतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ बरी.

सोयाबीन हडंब्यातून (मळणी यंत्रातून) काढलं असेल तर त्या कुटारात बेलर घालूच नका, ते बारीक झालेलं असतं, पिकअपच्या दातांतून गळतं. हार्वेस्टरने काढलेलं आणि मागे ओळीत पडलेलंच बांधता येतं. आणि सोयाबीनचे खुंट टायरात घुसतात, बेलरच्या टायरांचा रबर बघून घ्या. पंक्चरचे पैसे कुणी हिशेबात धरत नाही.

सुतळीवाल्या मशीनबद्दल एक मुद्दा कुणी लिहिला नाही. गठ्ठा पूर्ण भरलेला असतो तेव्हा साखळ्यांवर ताण सगळ्यात जास्त असतो, आणि सुतळी गुंडाळताना तो तसाच आत फिरत राहतो. सुतळीऐवजी जाळीने बांधणारी मशीनं असतात, त्या जाळीला दोन-अडीच फेरे पुरतात, सुतळीला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून सारख्याच काउंटरचं जाळीवालं मशीन कमी झिजलेलं असतं. गठ्ठा भरल्याचा हॉर्न वाजल्यावर पुढे चालवत राहायची ड्रायव्हरची सवयही तिथेच नडते. हॉर्न वाजला की थांबायचं, "अजून पाच किलो बसेल" करायचं नाही. गठ्ठ्यावर पैसे मिळतात, किलोवर नाही.

डबल क्लच आहे ते चांगलं. सिंगल क्लचवर बांधणीला थांबलं की पीटीओही थांबतो, मग भरल्या गठ्ठ्यावर पुन्हा सुरू करायचा झटका प्रत्येक वेळी साखळीला बसतो.

---

पीटीओ_५४० (अकोला)

तणीसभाऊंचा सुतळीचा मुद्दा पटला. माझ्या ७५-९० हजारांत सुतळीवाल्याला खालचा आकडा धरा.

देखभालीबद्दल: पीटीओच्या क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस, रोलरच्या बेअरिंगला रोज भरपूर, सील बाहेर येईपर्यंत. साखळीला जळकं इंजिन ऑईल ब्रशने मारलं तरी चालतं.

---

लेथवाला (सांगली)

दोन्ही ठिकाणी हरकत घेतो.

यूसी बेअरिंगला रोज भरपूर ग्रीस मारू नका. सील बाहेर आलं की ते परत बसत नाही, आणि त्या फटीतून धूळ आत. कामाच्या दिवसात दोन-तीन दिवसांनी एक-दोन पंप, तेही संध्याकाळी बेअरिंग कोमट असताना. लिथियमचं नंबर २ ग्रीस पुरतं. भरपूर ग्रीस पीटीओच्या क्रॉसला द्या, तिथे जुनं बाहेर येईपर्यंत मारायचंच.

जळकं ऑईल पातळ झालेलं असतं आणि त्यात काजळी, धातूचा कण. ते साखळीच्या बाहेर राहतं, पिनेत जात नाही, आणि धूळ धरून ठेवतं. साधं ९० नंबरचं गिअर ऑईल घ्या. काम संपल्यावर साखळी गरम असतानाच, खालच्या फेऱ्याच्या आतल्या बाजूने थेंब-थेंब. गरम असताना ते पिनेत ओढलं जातं, सकाळी थंड साखळीवर ओतलेलं जमिनीवर पडतं. जादाचं चिंधीने पुसा. ऑटो ऑइलरची टाकी आहे का बघा, असेल तर नळ्या बहुतेक चोंदलेल्या सापडतील.

---

काळंरान (हिंगोली)

सगळ्यांचे आभार. यादी घेऊन जाऊन आलो. मोजमापं देतो.

मुख्य साखळी १६बी, १२ कड्या ३११. पुढचं छोटं स्प्रॉकेट नखासारखं वळलेलं, मोठं बरं आहे. पिकअपची साखळी १९२. दोन रोलरांना डाव्या बाजूला लाल पूड सापडली. एकाचा शाफ्ट २९.९, दुसरा २९.७. बाकी बेअरिंग थंडच राहिली, एकच शेजाऱ्यांपेक्षा १५ अंश वर. रोलरच्या जोडावर एका ठिकाणी जुनं वेल्डिंग. गिअरबॉक्सची ढील थोडी, तेल काळं पण चमक नाही. सहा दात नाहीत, विखुरलेले. बिलं नाहीत.

मालक म्हणतो २९.७ ला पंच मारून बेअरिंग बसवू, वर लॉकचा गोंद. चालेल का? आणि भाव किती सांगू?

---

लेथवाला (सांगली)

पंच मारणं म्हणजे शाफ्टवर ठोकून बारीक टेंगळं उठवायची आणि त्यांच्यावर बेअरिंग घट्ट बसवायचं. टेंगळं दोन-चार दिवसांत सपाट होतात. गोंद बारीक फटीसाठी असतो, दोन-अडीच दशांश मिमीच्या आतल्या. तुमची फट ०.३ ची आहे आणि तीही एका बाजूला जास्त झिजलेली असणार. लाल पूड पुन्हा येईल, फक्त तोवर पैसे दिलेले असतील.

वेल्डिंग भरून लेथवर उतरवायचाही सल्ला मिळेल. ते होतं, पण उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि तुटतो तो नेमका वेल्डच्या कडेला. नीट काम असं: रोलर बाहेर काढा, टोकाचा शाफ्ट चकतीतून कापून काढा, ईएन ८ पोलादाचा नवा तुकडा ३० मिमीला उतरवून दाबून बसवा, मग समोरासमोर थोडं-थोडं टाके मारत वेल्ड करा, एकदम गोल फिरवून नाही. लेथवर लावून डायल (डगमग मोजायचं घड्याळ) बघा, ०.३ मिमीपेक्षा जास्त डगमग नको. रोलर काढणं-घालणंच दिवस खातं, म्हणून तोच रोलर उघडला की त्याची दोन्ही बेअरिंग बदला. २९.९ वाल्याला नवं बेअरिंग आणि गोंद चालेल. ग्रब स्क्रू बसतो तिथे शाफ्टवर छोटा खड्डा ड्रिल करा, स्क्रू त्यात उतरला की कडं फिरत नाही.

पिकअपची साखळी १९२ म्हणजे एक टक्काही गेली नाही, चालू द्या. मुख्य साखळी आणि छोटं स्प्रॉकेट आत्ताच. तुमचं कट-कट तिथेच आहे. मोठं स्प्रॉकेट "बरं" म्हणताय ते एकदा उलटवून बसवता येतं का बघा. काहींना येतं, मग झिजलेली बाजू मागे जाते.

---

पीटीओ_५४० (अकोला)

म्हणजे साखळी, एक स्प्रॉकेट, एक शाफ्ट, चार-पाच बेअरिंग, सहा दात, गिअरबॉक्सचं तेल. मशीन मेलेलं नाही. पण हे काम झाल्यावर ते "४२ हजार झालेलं चांगलं मशीन" होईल, आज नाही. कामाचा खर्च तुमच्या गावच्या लेथवाल्याकडून लेखी घ्या आणि तो १ लाख ६० मधून सरळ वजा करून बोला. पाचटाचा हंगाम धरून मी आणखी दहा-पंधरा हजार खाली सुरुवात केली असती. मालक स्वतः दुरुस्ती करून देतो म्हणाला तर नको. तो पंच मारून देईल.

---

तणीस (भंडारा)

घेतलंत तर पहिल्या दिवशी दोन कामं करा.

एक, आग. जाम होत आलेलं बेअरिंग आणि आजूबाजूला कोरडा भुसा, हंगामात एवढंच पुरतं. दुपारी जेवायला थांबताना आणि संध्याकाळी ब्लोअरने झाकणांच्या आतला भुसा उडवा. ट्रॅक्टरवर एक पावडरचं अग्निशामक, बेलरवर एक पाण्याचं. आतून धूर आला तर आधी दार उघडून गठ्ठा बाहेर टाका आणि न जळालेल्या ओळीपासून ट्रॅक्टर लांब न्या, मग विझवा. धुरात दार बंद ठेवून उभं राहिलं की मशीन जातं, कधी ट्रॅक्टरही.

दोन, ड्रायव्हरला बजावा. तोंडाशी माल अडकला की पायाने ढकलायचा नाही. पिकअप माणसापेक्षा वेगात ओढतो, पाय मागे घ्यायला वेळ मिळत नाही. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, रोलर थांबल्याचं डोळ्याने बघितलं, मग हात. घाईच्या दिवसात हे कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पावसाळ्यात शेडमध्ये ठेवताना आतला सगळा माल काढून ठेवा. रोलरमध्ये राहिलेला भुसा जूनभर ओल धरतो आणि सप्टेंबरात रोलर गंजून बसलेले सापडतात.

---

काळंरान (हिंगोली)

१ लाख २२ वर तुटलं. लेथवाल्याकडे रोलर उद्या जातोय. साखळी आणली, जोडकडीला क्लिपचा लॉक आहे. तो कुठल्या तोंडाने लावायचा? जुनी उलटसुलट कशीही लावलेली दिसते.

---

लेथवाला (सांगली)

क्लिपचं बंद टोक साखळी जिकडे पळते तिकडे, उघडं टोक मागे. उलटी लावली तर भुशाचा पुंजका किंवा झाकणाची कड लागून क्लिप मोकळी होते. आणि क्लिप झाकणाच्या बाजूला येईल अशी ठेवा, म्हणजे रोज सकाळी टॉर्च मारून दिसते. बसवल्यावर साखळी मधोमध बोटाने दाबून १०-१२ मिमी दबली पाहिजे. पहिल्या दोन-तीनशे गठ्ठ्यांनंतर एकदा परत बघा, नवी साखळी सुरुवातीला थोडी सैल पडतेच.